तानूस की नानूस

आमच्या कचेरीत मोडी वाचणारे पाच-सहा जण होते. पण एखाद्या जुन्या कागदावरून दोन पक्षांत जुंपली, की न्यायाधीशसाहेब मान वर न करताच म्हणायचे, "दस्तगीरला बोलवा." दस्तगीरभाई यायचे, कागद वाचायचे आणि भांडण तिथंच संपायचं. निदान कागदापुरतं तरी.

ही कोल्हापूरची, महाराजांच्या वेळची गोष्ट. महाराज गादीवर येऊन दहा-बारा वर्षं झाली असतील. मी दप्तरखान्यात कारकून होतो. निकालात निघालेल्या खटल्यांचे कागद कापडात बांधून ठेवत. त्या गठ्ठ्यांना आम्ही रुमाल म्हणायचो. ते रुमाल सांभाळणं हे माझं काम. दस्तगीरभाई माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठे. ते मला आप्पा म्हणायचे, मी त्यांना भाई.

उंच माणूस. मेंदीनं रंगवलेली आखूड दाढी, डोक्याला पांढरा रुमाल आणि दाढेखाली कायम लवंग. बोलताना तिचा वास यायचा. कागद ते कधी बसून वाचत नसत. खिडकीकडे पाठ करून उभे राहायचे, कागद हातभर लांब धरायचे आणि वरपासून खालपर्यंत एकदा नजर फिरवायचे. मग खणखणीत आवाजात वाचायला सुरुवात. मध्ये अडखळणं नाही, मागं येणं नाही. कोणी म्हणालं, "भाई, जरा ती ओळ परत बघा की," तर ते कागद खाली ठेवून द्यायचे आणि म्हणायचे, "कागद बोलतोय, मी न्हाय."

त्यांच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या हातकागद बनवायचं काम. लगद्यात हात घालूनच लहानाचे मोठे झालेले. त्यामुळं अक्षराच्याही आधी त्यांना कागद कळायचा. एकदा एका जमीनदारानं पन्नास वर्षांपूर्वीची म्हणून एक सनद आणली. कागद पिवळा, कडा झिजलेल्या, वाळवीनं खाल्लेला. आम्ही सगळे फसलो होतो. भाईंनी तो हातात घेतला, घडीवरून अंगठा फिरवला आणि न वाचताच परत दिला. म्हणाले, "साहेब, घडी आधी पडलीया, लिव्हलंय मागनं. घडीवर शाई पसरलीया बघा." बघितलं तर खरंच. घडीच्या रेघेवर येईल ते प्रत्येक अक्षर फुटलेलं होतं. जमीनदार तिथून उठला तो परत आला नाही.

अशा चार-सहा गोष्टींनी माणसाचं नाव होतं, आणि नाव झालं की त्याला मागं फिरायची सोय राहत नाही. भाईंना तर मुळातच मागं फिरणं ठाऊक नव्हतं. एकदा आम्ही कामासाठी शिरोळकडं गेलो होतो. कृष्णेच्या काठानं एक पायवाट फुटत होती. भाई म्हणाले, "हिकडनं." गुराखी पोरगी ओरडून सांगत होती की तिकडं नुसती गाळाची जमीन आहे, वाट नाही. भाई चालतच राहिले. गुडघाभर चिखलातून, भर उन्हात, दोन कोस जास्त चालून आम्ही गावात पोचलो. चावडीवर पाय धुताना मी म्हणालो, "भाई, वाट चुकलीच की वो." तर हसून म्हणाले, "चुकली कशी? पोचलो न्हवं?"

त्या वेळी मी पोट धरधरून हसलो होतो.

तानूबाईचा खटला आला तो त्याच उन्हाळ्यात. मंगळवार पेठेत गणू तांबट म्हणून एक म्हातारा होता. स्वतःचं छोटं घर, पुढं ओटा, ओट्यावर बसून तांब्याची भांडी ठोकायचा. मुलगा नाही. एक मुलगी, ती विधवा होऊन माहेरी परत आलेली. शिवाय नारायण नावाचा पुतण्या, चुलत्याच्या हाताखाली धंदा शिकलेला. त्याला सगळे नानू म्हणत. मुलीचं नाव कागदोपत्री गोदावरी, पण घरात लहानपणापासून तानू. म्हाताऱ्यानं मरायच्या आधी शिरोळच्या एका लेखनिकाकडून कागद लिहून घेतला होता. त्यात एक ओळ होती. राहतं घर कोणाला दिलं, ते त्या ओळीत होतं. मुलगी म्हणत होती, तानूस दिलं. पुतण्या म्हणत होता, नानूस दिलं. लेखनिक मेला होता. साक्षीदारांपैकी एक मेला होता आणि दुसऱ्याला काही आठवत नव्हतं.

मोडीत घाईनं लिहिलेले त आणि न जुळ्या भावांसारखे दिसतात. त्यात त्या कागदाची घडी नेमकी पहिल्या अक्षरावरून गेलेली.

भाई आले. खिडकीकडं पाठ करून उभे राहिले. वरून खाली एक नजर, आणि सुरू. त्या ओळीवर ते क्षणभरही थांबले नाहीत. "राहते घर नानूस दिले असे."

मागं बसलेली तानूबाई ताडकन उठली. "न्हाय वो! तानू हाय त्ये! तानू मी. बा मला तानूच म्हणायचा."

कोर्टात बाईनं असं ओरडलेलं मी तोवर ऐकलं नव्हतं. न्यायाधीशसाहेब जरा चरकले. म्हणाले, "दस्तगीर, पुन्हा एकदा पाहा."

"पाहिलं, साहेब. न आहे." मग बाईकडं वळून ते नेहमीचं वाक्य म्हणाले, "बाई, कागद बोलतोय, मी न्हाय."

तानूबाईची म्हातारी आई भिंतीला टेकून बसली होती. नवऱ्यानं घर पुतण्याला दिलं हे तिनं भर कोर्टात ऐकलं आणि पदर तोंडावर ओढून घेतला.

निकाल पुतण्याच्या बाजूनं लागला. वरच्या कोर्टातही भाईंचंच वाचन धरलं गेलं. मायलेकी घर सोडून नेसरीला तानूबाईच्या मामाकडं गेल्या. नानूनं वर्षभरात घर एका दोरवाल्याला विकलं आणि तो बेळगावकडं निघून गेला. दोरवाल्यानं जुनं घर पाडून नवं बांधलं. रुमाल बांधून मी फळीवर ठेवला. आमच्यापुरतं ते प्रकरण मिटलं.

चार वर्षं गेली असतील. शिरोळच्याच एका शेताच्या वादात एक कागद आला. दुपारची वेळ. भाई नेहमीसारखे खिडकीपाशी उभे राहून वाचत होते. वाचता वाचता गप्प झाले. मी मान वर करून बघितलं तर ते खाली बसत होते. कागद हातात घेऊन बसलेले भाई मी पहिल्यांदाच बघितले.

"आप्पा," ते म्हणाले, "त्या तांबटाच्या खटल्याचा रुमाल काढ."

मी काढून दिला. त्यांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी मांडले. लेखनिक एकच होता. नव्या कागदात 'तळ्याकाठी', 'तीन', 'तेथून' असे शब्द होते, आणि तिथं त ओळखण्यात कोणाचीही चूक झाली नसती. हा लेखनिक त लिहिताना लेखणी आधी किंचित खाली ओढायचा आणि मग वळवायचा. न लिहिताना तसं करत नव्हता. भाईंनी तांबटाच्या कागदावरच्या त्या अक्षराजवळ बोट नेलं. घडीच्या रेघेखाली, नीट बघितलं तर, तो खाली ओढलेला बारीक फराटा होता.

"ह्यो त हाय," ते म्हणाले.

मला एवढं खरं वाटेना. मी म्हणालो, "घडीची रेघ असंल, भाई."

"मी कागद्याचा पोरगा हाय, आप्पा. घडी आन् शाई मला कळंना व्हय?"

मग त्यांनी कागदावरचं बोट उचललं. बोलले तेव्हा आवाज एकदम खाली आला होता. "त्या दिवशी मी अक्षर वाचलंच न्हाय. घर कोन पोरीला देतंय, पुतण्याला दिलं असंल, असं आधीच मनात धरलं हुतं. मनातलंच वाचलं. आन् वर त्या बाईला सांगितलं, कागद बोलतोय."

तेव्हा मी जे म्हणालो त्याची मला आज लाज वाटते. मी म्हणालो, "भाई, रुमाल परत बांधून ठिवू का?" त्यांनी माझ्याकडं बघितलं, आणि मी हात मागं घेतला.

ते तडक शिरस्तेदारांकडं गेले. शिरस्तेदार वाईट माणूस नव्हते. त्यांनी दार लावून घेतलं आणि समजावलं, "भाई, घर पाडलंय. पुतण्या गावात नाही. आता हे उकरून काढून कोणाचं भलं होणार? आणि तुम्ही एक कागद चुकलो म्हणालात, की तुम्ही वाचलेल्या प्रत्येक कागदावर हरलेला माणूस दारात येऊन उभा राहील. सगळे रुमाल उघडावे लागतील."

"मग उघडा की," भाई म्हणाले.

"आणि अब्रू? तुमची सोडा, या कचेरीची?"

भाईंनी दार उघडलं. बाहेर येऊन त्यांनी माझ्याकडून कोरा कागद मागून घेतला आणि आपल्या हातानं लिहून दिलं, की अमुक खटल्यात मी 'नानूस' असं वाचलं ते चूक होतं, कागदावर 'तानूस' आहे, आणि बाईचं म्हणणं खरं होतं.

मी म्हणालो, "आधी तानूबाईला कळवू या." ते म्हणाले, "मोकळ्या हातानं कसा जाऊ तिच्या दारात? आधी निकाल फिरू दे." एवढं कबूल केलं तरी त्यांच्यात अजून अशी कुठंतरी ऐट शिल्लक होती, की आपण सांगितलं की निकाल फिरणारच. त्यांचा शब्द कोर्टानं कधी खाली पडू दिला नव्हता.

सुनावणी म्हणावी अशी ती सुनावणी नव्हती. न्यायाधीश नवे आले होते, शांत स्वभावाचे. त्यांनी भाईंना बोलावलं आणि दोरवाल्याचा वकील उभा राहिला.

"तुम्ही चार वर्षांपूर्वी 'न' वाचलंत?"

"व्हय, साहेब."

"तेव्हा खात्री होती?"

"हुती."

"पुन्हा पाहा म्हटल्यावर पाहिलं नाहीत, इतकी खात्री होती?"

"व्हय."

"आणि आज 'त' आहे म्हणता. आज खात्री आहे?"

"हाय."

"तितकीच?"

भाई थांबले. हा माणूस कधी थांबत नव्हता. "तितकीच," ते म्हणाले.

वकील साहेबांकडं वळला. "तेव्हा यांचे डोळे चांगले होते, कोणाचं काही मनात नव्हतं. आज वय झालंय, नजर मंदावलीय, विधवेची दया आलीय. यांच्या दोन खात्र्यांपैकी मी कोणती धरायची, तेवढं सांगावं."

साहेबांनी दुसऱ्या दोन वाचणाऱ्यांना बोलावून कागद दाखवला. दोघंही भाईंच्याच हाताखाली शिकलेले. पहिला म्हणाला, "न दिसतंय." दुसरा बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "भाईंनी त्या वेळी न म्हटलंय म्हणजे नच असणार." भाई त्याच्याकडं बघत होते. असं बोलायचं, अडखळायचं नाही, मागं यायचं नाही, हे त्याला त्यांनीच शिकवलं होतं.

शेवटी साहेब अगदी सौम्यपणे म्हणाले, "दस्तगीर, तुमच्या मनाचा मोठेपणा मी जाणतो. पण साक्षीदाराचं मन बदललं म्हणून वरच्या कोर्टापर्यंत जाऊन आलेला निकाल मला फिरवता येणार नाही. आणि ज्या बाईचं घर म्हणता तिचा अर्जही नाही."

बाहेर आल्यावर पायऱ्यांवर भाई मला म्हणाले, "आयुष्यभर जे बोललो ते मानलं ह्यांनी. आता एकदाच म्हणतोय मी चुकलो, तर त्ये तेवढं मानत न्हाईत."

त्यानंतर दोन महिन्यांत त्यांना कोर्टातल्या वाचनावरून काढून नकला करायच्या कामावर बसवलं. त्यांनी कुरकुर केली नाही. हरलेल्यांपैकी आठ-दहा जण खरंच येऊन उभे राहिले. भाईंनी एकेकाचा रुमाल माझ्याकडून काढून घेऊन कागद परत परत तपासले. त्यात एकही चूक सापडली नाही. पण ते सांगितलं तर लोक म्हणायचे, "तवा पण असंच म्हणालतासा की."

दिवाळीनंतर आम्ही दोघं नेसरीला गेलो. भाईंना आता बाईचा अंगठा हवा होता. तिनं अर्ज केला तर महाराजांच्या पायांशी गाऱ्हाणं घालता आलं असतं. गरिबांचे अर्ज तिथं थेट जातात, हे सगळ्यांना ठाऊक होतं. गडहिंग्लजपासून पुढं बैलगाडी. सगळ्या वाटेत भाई काय बोलायचं आणि कसं बोलायचं, ते मनाशी जुळवत होते.

मामाच्या घरापुढच्या अंगणात तानूबाई भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. शेजारणीनं हाक दिली, "अक्का, पावणं आल्यात बघ, कोल्हापूरचं." तिनं मान वर केली. भाईंना तिनं लगेच ओळखलं. उठली नाही.

भाईंनी वाटेत जुळवलेलं काही बोलणं झालं नाही. ते उभ्या उभ्याच म्हणाले, "बाई, मी चुकलो. त्यो कागद तानूसच हुता."

तिच्या हातातली शेंग हातातच राहिली.

"काय म्हणालासा?"

"बानं घर तुलाच दिलं हुतं. मी वाचायला चुकलो."

मला वाटलं ती शिव्या देईल. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. ती अगदी हळू म्हणाली, "मला वाटलं तुमी एवढं शिकल्यालं, कागदात हाय म्हणताय म्हंजी असंलच. मलाच खुळीला वाटतंय तानू. तवाधरनं बाच्या नावानं मी कावळ्याला घास सुदिक ठिवला न्हाय वो. दिसभर शेण काढायची आन् बाला शिव्या द्यायची. पोटच्या पोरीला उघड्यावर टाकून पुतण्याला घर दिलंस म्हणून."

"आई कुठं हाय?" भाईंनी विचारलं. विचारायला नको होतं.

"गेली की. मागच्या शिमग्याला. जाताना म्हणाली, त्येच्या वरसाला पानी सोडू नगंस. त्येनं मला फशीवलं."

भाई खाली मातीतच बसले. अंगणात शेंगांची टरफलं पसरली होती, त्यांच्यावरच. डोक्याचा रुमाल काढून त्यांनी मांडीवर ठेवला. त्यांचं टक्कल मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

मग मीच अर्जाचं बोललो. हुजुरांकडं जाता येईल, अंगठा दिलास तर पुढचं आम्ही बघतो, असं सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. म्हणाली, "नगं. त्या कोर्टात मी उबी ऱ्हाऊन वरडली, तानू मीच म्हणून. कुणी वळून बघितलं न्हाय. आता परत कोन वाचायचं आन् कोन ऐकायचं? घर पाडलं म्हनं. आई तर न्हायच." भाई मान खाली घालून बसले होते. तिनं त्यांच्याकडं बघितलं. "बानं लिव्हलंय ते एकदा वाचून दावा मला. कसं लिव्हलंय तसं."

कागद आमच्याजवळ नव्हता. भाईंनी तोंडानंच म्हटलं, "राहते घर तानूस दिले असे."

"परत म्हणा."

"राहते घर तानूस दिले असे."

तिनं तिसऱ्यांदा म्हणायला लावलं. मग डोळे पुसले, सूप उचललं आणि ती आत गेली. परत बाहेर आली नाही. शेजारणीनं आम्हाला पाणी आणून दिलं.

त्यानंतर भाईंनी नोकरी सोडली. कचेरीच्या रस्त्यावर एका दुकानाच्या ओट्यावर ते बसायचे. खेड्यापाड्यांतली माणसं कागद घेऊन यायची. नाव अजून होतं. पण भाई आता वाचताना थांबायचे. कधी म्हणायचे, "हितं दोन वाचता येत्यात," कधी म्हणायचे, "हे मला लागत न्हाय." लोकांना ते चालत नसे. रस्त्याच्या पलीकडं त्यांचाच एक शागीर्द बसायला लागला होता, तोच तो कोर्टात 'नच असणार' म्हणालेला. तो धडाधडा वाचून द्यायचा. त्याच्यापाशी गर्दी असायची.

मी त्यांना शेवटचं बघितलं ते एका बाजाराच्या दिवशी. भर दुपारी कचेरीतून निघालो होतो. भाईंच्या ओट्यापुढं एक शेतकरी उभा होता, हातात पिवळा कागद. भाई कागदावर वाकून म्हणत होते, "पावणं, ही तिसरी ओळ बघा. हितं 'उत्तरेस' असंल न्हाईतर दुसरं काय असंल. मी छातीवर हात ठिवून सांगू शकत न्हाय."

"मग कोन सांगणार?" शेतकरी वैतागला होता. "एवढ्या लांबनं आलोय. हाय का न्हाय, एक काय ते सांगा की."

"दोन दिस ठिवा कागद. त्याच हातचं दुसरं काय मिळतंय का बघतो."

शेतकऱ्यानं कागद त्यांच्या हातातून काढून घेतला आणि रस्ता ओलांडायला लागला. भाई ओट्यावरून उतरले. पायात वहाणा नव्हत्या. तापलेल्या रस्त्यावरून दोन-चार पावलं धावले आणि गाड्यांच्या गर्दीत अडकून उभे राहिले. तिथनंच हात वर करून ओरडत होते, "पावणं! अवो पावणं! त्येला म्हणावं तिसऱ्या ओळीवर थांब! त्येला म्हणावं जरा थांब!"

पलीकडून वाचायला सुरुवात झालेली मला ऐकू येत होती. आवाज खणखणीत होता आणि कुठंही अडखळत नव्हता.